हृदयाचे इंधन आणि दाखल्यांची खतावणी

१९६३ सालच्या एप्रिल महिन्याच्या १३ तारखेस लंडनहून निघणाऱ्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात, ७८५ ते ७८९ या अवघ्या पाच पृष्ठांवर, केंब्रिज विद्यापीठाच्या जीवरसायन विभागातील चार संशोधकांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. फिलिप रँडल हे त्यांतले ज्येष्ठ, आणि तेही त्या वेळी चाळिशीच्या अलीकडेच होते. पीटर गार्लंड, निकोलस हेल्स आणि एरिक न्यूजहोम हे त्यांचे तिघे सहकारी तर विशीच्या उत्तरार्धात होते. निबंधाचा विषय होता 'ग्लुकोज-मेदाम्ल चक्र', आणि त्याचे प्रतिपादन असे की, शरीरात मेदाम्लांचा पुरवठा वाढला म्हणजे हृदयाचा व इतर स्नायू ग्लुकोज वापरण्यास नकार देऊ लागतात, व मधुमेहात जी साखर रक्तात साचून राहते तिच्या कारणांपैकी एक कारण या अडवणुकीत शोधले पाहिजे. मधुमेह म्हणजे इन्शुलिनचा तुटवडा आणि साखरेचा रोग, एवढ्यावरच वैद्यकाचा विचार बव्हंशी स्थिरावलेला असताना त्या प्रकरणात मेदाची चौकशी झालीच पाहिजे असा आग्रह धरणारे जे लेखन झाले, त्यात या पाच पानांचे स्थान अग्रभागी आहे.

शास्त्रीय निबंधाचे वजन किती, हे ठरवण्याची आजची रूढ रीत म्हणजे त्याचे दाखले मोजणे. अर्थात पुढील किती निबंधांनी आपल्या संदर्भसूचीत त्याचा उल्लेख केला, याची बेरीज करणे. या बेरजेवर आज प्राध्यापकांच्या बढत्या, संस्थांची अनुदाने आणि विद्यापीठांची मानांकने अवलंबून असतात. बेरीज खोटी असते असे माझे म्हणणे नाही. एखाद्या निबंधाकडे हजारो माणसे पुन्हापुन्हा वळली असतील, तर तेथे काहीतरी घडले आहे एवढे ती निश्चित सांगते. परंतु काय घडले, हे ती सांगत नाही. ते कळण्यासाठी दप्तर उघडावे लागते, आणि कोणी कशासाठी दाखला दिला, कोणी तो खोडून काढण्यासाठी दिला, आणि कोणी त्या ज्ञानावर आपले सर्व काम उभारूनही नाव मात्र घेतले नाही, हे एकेक नोंद वाचून पाहावे लागते. रँडल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा निबंध अशा वाचनास फार योग्य आहे, कारण त्याच्या दाखल्यांची वंशावळ केंब्रिजमधून निघून पुण्याजवळच्या खेड्यांपर्यंत आणि परळच्या एका तपासणीकक्षापर्यंत येऊन पोचलेली आहे.

प्रथम हृदयाविषयी. माणसाचे हृदय वजनाने जेमतेम ३०० ग्रॅम भरते. परंतु दिवसाकाठी ते सुमारे एक लाख वेळा आकुंचन पावते, आणि ऊर्जेचे तात्कालिक चलन असणारे ए.टी.पी. नावाचे संयुग दिवसाला सुमारे ६ किलो, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या वीस-तीस पट, मोडते आणि पुन्हा घडवते. हे ए.टी.पी. १९२९ साली जर्मनीत कार्ल लोमान यांनी आणि अमेरिकेत हार्वर्ड येथे सायरस फिस्के व यल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी स्वतंत्रपणे शोधून काढले; त्यांपैकी सुब्बाराव हे आंध्रातील भीमावरमचे, ही गोष्ट आपल्याकडच्या वाचकांना ठाऊक असावयास हवी. हृदयातील ए.टी.पी.ची शिल्लक इतकी अल्प असते की तिची पुनर्निर्मिती थांबली तर ती काही सेकंदांतच संपुष्टात यावी. म्हणून हृदयाला इंधनाचा पुरवठा अखंड लागतो, आणि इंधनाच्या बाबतीत ते विशेष चोखंदळ राहून चालत नाही. ग्लुकोज, मेदाम्ले, दुग्धाम्ल, कीटोन द्रव्ये, यांपैकी रक्तात जे ज्या वेळी मुबलक असेल ते वापरण्याची त्याची तयारी असते.

तथापि या सर्वांत मुख्य कोणते, याचा उलगडा बराच काळ झालेला नव्हता. स्नायू म्हटला की साखर, असा समज दृढ होता. तो प्रथम हलवला रिचर्ड बिंग या जर्मनीत जन्मलेल्या व अमेरिकेत स्थायिक झालेल्या डॉक्टरांनी. हृदयस्नायूतून बाहेर पडणारे निळसर रक्त ज्या शिरेतून उजव्या कर्णिकेत येते, तिच्या मुखात दंडाच्या शिरेवाटे एक बारीक नळी नेऊन सोडण्याचे तंत्र त्यांनी १९४७ च्या सुमारास जॉन्स हॉपकिन्स येथे साध्य केले. त्यायोगे जिवंत माणसाच्या हृदयात जाणारे रक्त आणि तेथून निघणारे रक्त यांची तुलना करता येऊ लागली, आणि हृदयाने वाटेत काय ठेवून घेतले हे वजाबाकीने कळू लागले. १९५३-५४ च्या त्यांच्या निबंधांतून दिसून आले की, हृदय जेवढा प्राणवायू वापरते तेवढ्याचा हिशोब ग्लुकोजने पुरा होत नाही. उरलेला मोठा वाटा मेदाच्या खात्यावर जातो. (हेच बिंग संगीतरचनाही करीत, आणि एकशे एक वर्षांचे आयुष्य जगले. त्यांच्याविषयी कोणी मराठीत स्वतंत्रपणे लिहावे असे मला फार वाटते.) १९५६ साली व्हिन्सेंट डोल आणि रॉबर्ट गॉर्डन यांनी रक्तातील मुक्त मेदाम्ले हे मेदाच्या वाहतुकीचे प्रत्यक्ष रूप आहे असे दाखवून दिले. आज आपण जाणतो की निरोगी हृदयाच्या ऊर्जेचा ६० ते ९० टक्के भाग मेदाम्लांच्या ज्वलनातून येतो.

म्हणजे मेद हृदयात जळतो, हे रँडल यांच्यापूर्वीच ठाऊक झालेले होते. किंबहुना मेदाम्ले दिली असता हृदयाचा ग्लुकोजवापर बदलतो, असे १९६१ साली शिप, ओपी आणि चॅलोनर यांनी 'नेचर' साप्ताहिकात नोंदवलेही होते. रँडल यांच्यासमोरचा प्रश्न त्याच्या पुढचा होता: एक इंधन दुसऱ्याला बाजूला सारते ते नेमके कोठे, कोणत्या रासायनिक पायरीवर, आणि त्याचा मधुमेहाशी संबंध कोणता?

याचे उत्तर ज्या साधनाने मिळाले ते साधन जवळून पाहण्यासारखे आहे. ओस्कार लांगेनडॉर्फ या जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञाने १८९५ साली सस्तन प्राण्याचे हृदय शरीराबाहेर चालू ठेवण्याची जी युक्ती काढली, तिचेच ते सुधारलेले रूप. पांढऱ्या उंदराला भूल देऊन त्याची छाती उघडतात, बोटाच्या पेराएवढे ते हृदय चटकन कापून बर्फगार क्षारद्रवात टाकतात, आणि तेथे त्याचे स्पंदन मंदावून थांबते. मग महारोहिणीच्या उरलेल्या आखूड तुकड्यात काचेची किंवा धातूची बारीक नळी सरकवून तो तुकडा रेशमी दोऱ्याने घट्ट बांधतात. नळीतून ३७ अंश तपमानाचा, प्राणवायूने संपृक्त केलेला क्षारद्रव उलट दिशेने, म्हणजे हृदयाकडे, दाबाने सोडतात. या दाबानेच महारोहिणीची झडप मिटते, द्रवाला खाली जावयास वाट राहत नाही, आणि तो झडपेच्या अगदी वर उगम पावणाऱ्या हृदयरोहिण्यांत शिरतो. थोड्याच क्षणांत फिक्या पडलेल्या त्या स्नायूत प्रथम थरथर आणि मग नियमित ठोका सुरू होतो. हृदयस्नायूतून फिरून आलेला द्रव टोकाशी थेंबाथेंबाने ठिबकू लागतो, व तो खालच्या पात्रात गोळा करतात. द्रवात ग्लुकोज किती घातले होते आणि किती उरले, एवढे मोजले की त्या हृदयाने किती घेतले ते कळते. यकृत नाही, मेंदू नाही, इतर ग्रंथींचे स्राव नाहीत. इन्शुलिन हवे असेल तर ते प्रयोग करणाऱ्याने आपल्या हाताने घालावयाचे, मेदाम्ल हवे तर तेही. प्रश्न एवढा नेमका करून विचारण्याची सोय जिवंत प्राण्यात नव्हती, आणि म्हणूनच हे लहानसे धडधडणारे अवयव त्या दशकात चयापचयाच्या संशोधनाचे मुख्य साक्षीदार ठरले. रँडल यांनी अमेरिकेतील हॉवर्ड मॉर्गन आणि डेव्हिड रेगन यांच्यासह १९५९ सालीच याच हृदयावर इन्शुलिनचा परिणाम तपासलेला होता.

पुढल्या प्रयोगांत हृदयाला कधी मेदाम्ले, कधी कीटोन द्रव्ये दिली गेली. निरोगी उंदरांची हृदये, उपाशी ठेवलेल्या उंदरांची हृदये आणि अलॉक्सान या रसायनाने ज्यांना मधुमेह जडवला होता अशा उंदरांची हृदये, अशी तुलना झाली. दिसून आले ते असे की, निरोगी हृदयाला नुसती मेदाम्ले दिली तरी त्याचे वर्तन उपाशी किंवा मधुमेही हृदयासारखे होते. ग्लुकोज पेशीत शिरून शेवटी जळेपर्यंत ज्या पायऱ्या उतरते, त्यांपैकी तीन ठिकाणी अडथळा उत्पन्न होतो. अगदी तळाशी पायरुवेट डिहायड्रोजिनेस हे विकर आहे. मेदाम्लांच्या ज्वलनातून असिटिल कोएन्झाइम ए विपुल झाले की ते बंद पडते. त्यामुळे साचलेले सायट्रेट वरच्या अंगाचे फॉस्फोफ्रुक्टोकायनेज रोखते. आणि त्याच्याही वर ग्लुकोज-६-फॉस्फेट तुंबून राहिले की पहिल्याच पायरीवरचे हेक्सोकायनेज मंदावते. पाटबंधाऱ्याच्या कालव्यावर शेपटाकडचे दार मिटले म्हणजे पाणी मागे फुगत फुगत शेवटी मुखाशी आवक थोपवते, तसा हा प्रकार. या अडवणुकीस इन्शुलिनच्या अभावाची गरज नाही, मेदाम्लांचा ओघ पुरेसा आहे, हे निष्पन्न होताच मधुमेहाच्या विचारात एक नवे दार उघडले.

येथे एक बाब ध्यानात घेण्यासारखी आहे. या सिद्धांताचे सविस्तर पुरावे, कोष्टके आणि पद्धती 'लॅन्सेट'मध्ये नाहीत. ते १९६४ साली 'बायोकेमिकल जर्नल'मध्ये लांबलचक निबंधमालेतून आले. तरीही पुढील पिढ्यांनी जो दाखला दिला तो प्रामुख्याने 'लॅन्सेट'च्या पाच पानांचाच. पुरावा एकीकडे आणि कीर्ती दुसरीकडे, असे विज्ञानात अनेकदा होते, आणि मला त्यात अन्याय दिसत नाही. कारण त्या पाच पानांत विखुरलेल्या निरीक्षणांना एका सूत्रात ओवण्याचे जे धाडस आहे, ते कोष्टकांत नाही.

आता खतावणीकडे वळतो. रँडल यांचा निबंध निघाला त्याच सुमारास अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे युजीन गारफील्ड यांची संस्था शास्त्रीय दाखल्यांची पहिली सार्वत्रिक सूची सिद्ध करीत होती. १९६४ पासून ती नियमित प्रसिद्ध होऊ लागली. तिची मूळ कल्पना गारफील्ड यांनी १९५५ साली 'सायन्स' साप्ताहिकात मांडली होती, आणि ती त्यांना स्फुरली ती न्यायालयांच्या व्यवहारावरून. अमेरिकेत १८७३ पासून 'शेपर्ड' या नावाने निकालांच्या नजिरांची एक सूची निघत असे. एखादा जुना निवाडा पुढे कोणत्या न्यायाधीशाने मान्य केला, कोणी मर्यादित केला, कोणी फिरवला, याची नोंद तीत खुणांसह असे, म्हणजे वकिलाने रद्द झालेल्या निकालावर विसंबून अशिलाला बुडवू नये. गारफील्ड यांनी विज्ञानासाठी सूची घेतली. मात्र त्या खुणा, म्हणजे दाखला अनुकूल की प्रतिकूल ही नोंद, तीत आली नाही. प्रत्येक दाखला सारख्याच वजनाचा एक ठरला. माझ्या मते पुढील बहुतेक अनर्थाचे बीज या एका उणिवेत आहे.

मोठ्या संख्यांचा अर्थ किती निरनिराळा असू शकतो याचे उदाहरण या विषयाच्या आसपासच सापडते. २०१४ साली 'नेचर'ने सर्वाधिक दाखले मिळालेल्या शंभर निबंधांची यादी दिली, तेव्हा पहिल्या स्थानी ऑलिव्हर लॉरी यांचा प्रथिने मोजण्याच्या पद्धतीविषयीचा १९५१ चा निबंध होता. त्याचे दाखले तीन लाखांहून अधिक. तो आपला थोर निबंध नव्हे, हे खुद्द लॉरी यांनी मोकळेपणाने लिहून ठेवले आहे. फिस्के आणि सुब्बाराव यांची फॉस्फरस मोजण्याची १९२५ ची पद्धतही अशीच पिढ्यानुपिढ्या उद्धृत होत राहिली. रसायनशाळेत जे उपयोगी पडले त्याची पोच देण्याचा हा प्रामाणिक शिरस्ता आहे. परंतु त्या पोचेवरून विचाराची खोली मोजता येत नाही. रँडल आणि हेल्स यांच्याच बाबतीत पाहा. १९६३ याच वर्षी या दोघांनी रक्तातील इन्शुलिन मोजण्याची एक प्रतिपिंडाधारित पद्धत 'बायोकेमिकल जर्नल'मध्ये दिली. यालो आणि बर्सन यांनी १९६० साली घातलेल्या पायावर ती उभी होती, हाताळण्यास सोपी होती, आणि त्या काळी पुष्कळ प्रयोगशाळांनी ती उचलली. पुढे तयार साहित्याचे संच बाजारात आले आणि तिची गरज सरली. चक्राच्या सिद्धांताचे मात्र तसे झाले नाही. त्याच्या बाजूने लिहिणाऱ्याला तो लागतो, आणि विरुद्ध लिहिणाऱ्याला अधिकच लागतो. 'नेचर'च्या त्याच पाहणीत एक हजारांहून अधिक दाखले मिळवणारे निबंध जगभरच्या सुमारे ५ कोटी ८० लाख नोंदींतून १५ हजारही भरले नव्हते, आणि निम्म्याच्या आसपास नोंदींना एकच दाखला मिळालेला होता किंवा एकही नाही. त्या विरळ मंडळात ही पाच पाने आहेत.

विरुद्ध लिहिणाऱ्यांत सर्वांत वजनदार पक्ष येल विद्यापीठातील जेराल्ड शुलमन यांच्या गटाचा. चुंबकीय अनुस्पंदनाच्या साहाय्याने जिवंत माणसाच्या पायातील स्नायूत, कोठेही छेद न घेता, ग्लुकोज-६-फॉस्फेट मोजण्याची सोय झाल्यावर त्यांनी निरोगी माणसांच्या शिरेतून मेद सोडून पाहिला. रँडल यांचे चक्र लागू असेल तर ग्लुकोज-६-फॉस्फेट वाढावयास हवे होते. ते १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात घटलेले आढळले, आणि ग्लुकोजचा वापर मंदावण्यापूर्वीच घटलेले आढळले. याचा अर्थ पायातील स्नायूत अडथळा आतून मागे फुगत आलेला नसून वेशीवरच, म्हणजे ग्लुकोज पेशीत घेण्याच्या टप्प्यावरच, उत्पन्न होतो. शुलमन यांच्या निबंधांतून रँडल यांचा जो दाखला येतो तो असा, फेरतपासणीचा. पण गणनयंत्र त्यालाही एकच मानते. दुसरीकडे डेनिस मॅक्गॅरी आणि डॅनियल फॉस्टर यांनी १९७७ च्या सुमारास चक्राची दुसरी, उलट बाजू उजेडात आणली: ग्लुकोज विपुल असता त्यापासून निर्माण होणारे मॅलोनिल कोएन्झाइम ए हे मेदाम्लांना तंतुकणिकेच्या दाराशीच अडवते. हा दाखला पूरक साक्षीचा होय.

रँडल यांनी या टीकेकडे पाठ फिरवली नाही, हे त्यांच्या मोठेपणाचे लक्षण मी मानतो. १९६४ साली ते ब्रिस्टलला प्राध्यापक झाले, १९७५ मध्ये ऑक्सफर्डला चिकित्सात्मक जीवरसायनाचे आसन त्यांनी स्वीकारले, आणि त्या दोन्ही ठिकाणी ते मूळ चक्राच्या तळाशी असलेल्या पायरुवेट डिहायड्रोजिनेस या एका विकराचा पिच्छा पुरवीत राहिले. त्याला मिटवणारे आणि उघडणारे उपविकर उपासात व मधुमेहात कसे वागतात, याच्यावर त्यांची कित्येक वर्षे खर्ची पडली. १९९८ साली सत्तरी ओलांडल्यानंतर त्यांनी पस्तीस वर्षांचा आढावा घेणारा दीर्घ निबंध लिहिला. २००६ मध्ये ते निवर्तले. २००९ साली लुई ह्यू आणि हाइन्रिख टेगट्मायर यांनी चक्राची नव्याने मांडणी केली, आणि हृदयाच्या बाबतीत मूळ प्रतिपादनाचा गाभा टिकून आहे असे दाखवून दिले. पायाचा स्नायू आणि हृदयाचा स्नायू यांना एकच कायदा लावणे ही चूक बहुतांशी दाखला देणाऱ्यांची होती. रँडल यांनी पाहिले होते ते मुख्यतः हृदय.

आता पुण्याकडे. त्या चौघांपैकी निकोलस हेल्स पुढे केंब्रिजला प्राध्यापक झाले, आणि साउदॅम्प्टनचे डेव्हिड बार्कर यांच्यासह त्यांनी १९९२ साली असा सिद्धांत मांडला की, गर्भावस्थेत आणि शैशवात अन्नाची चणचण सोसलेले शरीर काटकसरीची अशी घडण पत्करते की, पुढील आयुष्यात सुबत्ता आली असता मधुमेह त्याला सहज गाठतो. तीस वर्षांपूर्वी ज्याने उंदराच्या हृदयात मेद आणि साखर यांची चढाओढ मोजली, त्यानेच आता प्रश्न मातेच्या उदरापर्यंत मागे नेला होता. याच विचाराच्या प्रकाशात पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साउदॅम्प्टनच्या मंडळीसह १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गर्भवतींची दीर्घ पाहणी हाती घेतली. तेथे जन्मलेल्या बालकांचे सरासरी वजन २.७ किलो भरले, साउदॅम्प्टनच्या बालकांचे ३.५ किलो, परंतु पोट, स्नायू आणि अवयव यांच्या मापांत पुण्याची बाळे जितकी मागे होती, तितकी त्वचेखालच्या मेदात मागे नव्हती. दिसावयास कृश आणि आतून मेदयुक्त, अशा या भारतीय बालकाचे वर्णन २००३ साली प्रसिद्ध झाले. आघारकर संशोधन संस्थेच्या शोभा राव यांनी याच पाहणीत दाखवून दिले की, ज्या माता पालेभाज्या, फळे आणि दूध अधिक वेळा खात, त्यांची बाळे जन्मतः मोठी होती. शेतात राबणाऱ्या बाईच्या ताटातल्या मेथी-चवळीचा प्रश्न ही जागतिक विज्ञानाची बाब ठरली, याचा मला अभिमान वाटतो. २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये डॉ. याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन या दोन डॉक्टरांनी स्वतःचीच मापे छापली: उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३, पण शरीरातील मेदाचे प्रमाण युडकिन यांचे ९.१ टक्के आणि याज्ञिक यांचे २१.२ टक्के. मेदाच्या साठ्यावरून मधुमेहाकडे जाणारा हा सारा विचारमार्ग ज्या वळणावर फुटतो, त्या वळणावर केंब्रिजचे ते चक्र आहे; या निबंधांच्या संदर्भसूचीत त्याचे नाव असो वा नसो.

परळचा दाखला तर याहूनही विलक्षण आहे. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या तेथील रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये २००२ साली देशातील पहिले वैद्यकीय सायक्लोट्रॉन सुरू झाले, आणि पेट या नावाने ओळखली जाणारी तपासणी भारतात होऊ लागली. आता ती पुणे, नाशिक, नागपूर अशा अनेक शहरांत होते. तीत ग्लुकोजला किरणोत्सर्गी फ्लोरिन जोडून ते शिरेतून देतात, आणि ज्या पेशी ते अधिक ग्रहण करतात त्या चित्रात उजळून दिसतात. सार्कॉइडोसिस या रोगाची दाहक गाठ हृदयस्नायूत दडली आहे काय, हे पाहावयाचे असेल तर अडचण अशी की निरोगी हृदयही साखर घेते आणि सगळाच स्नायू उजळून निघतो. मग रोग्याच्या नातलगांच्या हाती एक कागद देतात: आदल्या दिवशीच्या दोन्ही जेवणांत भात, पोळी, भाकरी, साखर, गूळ, दूध, फळे, बटाटा वर्ज्य, पनीर, लोणी, तूप, अंडी, मासे भरपूर, त्यानंतर कडकडीत उपास. हृदयविकाराच्या रोग्याला आजवर तूप बंद होते आणि आज डॉक्टरच ते खा म्हणतात, यामुळे घरोघरी गोंधळ उडतो. कारण मात्र एवढेच की, रक्तात मेदाम्ले चढली म्हणजे निरोगी हृदयस्नायू ग्लुकोज नाकारतो व चित्रात काळोखा राहतो, आणि दाहाच्या पेशी, ज्यांना ही शिस्त लागू नाही, तेवढ्या चमकतात. उलट हृदयविकाराच्या झटक्यानंतर स्नायूचा कोणता भाग अजून जिवंत आहे हे पाहावयाचे असेल, तर रोग्याला मुद्दाम ग्लुकोज पाजतात आणि हृदयाला साखरेकडे वळवतात. त्या आहारपत्रकावर रँडल यांचे नाव नसते, आणि ते देणाऱ्या तंत्रज्ञाने ते ऐकलेलेही नसेल. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी सांगून ठेवले आहे की, एखादे ज्ञान सर्वांच्या व्यवहारात पूर्णपणे मुरले की त्याच्या कर्त्याचे नाव गळून पडते. दाखल्यांच्या बेरजेत ही नोंद शून्य भरते, आणि मला मात्र ती सर्वांत मोठी वाटते.

म्हणूनच आपल्याकडे ज्या पद्धतीने ही बेरीज राबवली गेली तिच्याविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० च्या विनियमांत अध्यापकांच्या नेमणुका आणि बढत्या गुणांकनाशी जोडल्या. परिणामी पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचे पेव फुटले. त्याला आवर घालण्यासाठी विश्वसनीय नियतकालिकांची यादी करण्याचे काम पुणे विद्यापीठातील केंद्राकडे सोपवण्यात आले, ती २०१९ मध्ये लागू झाली, आणि २०२५ मध्ये आयोगाने ती यादीही बंद केली. यादी असावी की नसावी, हा वाद दुय्यम आहे. तरुण संशोधकाला आपण काय विचारतो, हा खरा प्रश्न आहे. त्याचा एखादा निबंध उघडून त्यातील प्रयोग कोणी पुन्हा करून पाहिला का, कोणी त्याला विरोध करण्याइतके मानले का, एवढे निवडसमितीने विचारले, तर अर्ध्या दिवसात जे कळेल ते कोणत्याही निर्देशांकाने कळणार नाही. त्यासाठी समितीतील माणसांनी वाचावे लागेल. आणि वाचण्याचा मोबदला त्यांना मिळत असतो.

मूळ शास्त्रीय प्रश्न अजून निकालात निघालेला नाही. ऑक्सफर्डचे स्टीफन नॉयबाउर यांनी २००७ साली दुबळ्या झालेल्या हृदयाचे वर्णन इंधन संपत आलेले यंत्र असे केले. अशा हृदयाला मेदाकडून साखरेकडे वळवले तर त्याच प्राणवायूत थोडे अधिक काम होते, या हिशोबावर ट्रायमेटाझिडिनसारखी औषधे आली. २०१५ साली एम्पाग्लिफ्लोझिन या मधुमेहावरील औषधाने हृदयविकाराने होणारे मृत्यू ३८ टक्क्यांनी घटवले, तेव्हा पीझा येथील एले फेर्रानिनी यांनी असे अनुमान मांडले की, या औषधाने रक्तातील कीटोन द्रव्ये किंचित वाढतात आणि हृदयाला अधिक किफायतशीर इंधन मिळते. नॉयबाउर यांच्या गटाने हे अनुमान तपासण्यासाठी सुब्बाराव आणि फिस्के यांनीच १९२७ साली शोधलेल्या फॉस्फोक्रिएटिनचे ए.टी.पी.शी असलेले प्रमाण माणसांच्या हृदयांत मोजले. ७२ रोगी, बारा आठवडे, निम्म्यांना औषध आणि निम्म्यांना निष्क्रिय गोळी. २०२३ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला: औषधामुळे त्या प्रमाणात फरक पडला नाही. औषध जीव वाचवते हे सिद्ध आहे. ते हृदयाचे इंधन बदलून वाचवते की अन्य मार्गाने, यावर प्रयोग चालू आहेत.